पाटीवरची अक्षरं घरापर्यंत नेणारे गुरू : महात्मा जोतीराव फुले

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा महात्मा फुले यांच्यावर लिहिण्याचं काम आम्हा अभ्यासिकेतल्या मंडळींकडे आलं. खरं तर जोतीरावांचं चरित्र आपल्या वस्तीत कोणाला ठाऊक नाही? दर वर्षी ११ एप्रिलला जयंती आणि २८ नोव्हेंबरला स्मृतिदिन होतो. तसबिरीला हार घातला जातो, लहान मुलं पाठ केलेली भाषणं म्हणून दाखवतात, आणि त्यांच्या आया मागच्या रांगेत बसून कौतुकाने ऐकतात. म्हणून तेच ते पुन्हा लिहिण्यापेक्षा, आमच्या अभ्यासिकेत घडलेल्या एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करतो.

आमच्याकडे संध्याकाळी सातवी-आठवीची मुलं बसतात. त्यांच्यातल्या एका मुलाला सरळव्याजाची गणितं अगदी तोंडपाठ. त्या धड्यावरच्या चाचणीत त्याला पैकीच्या पैकी गुण पडले होते. त्याच्या आईने घरातल्या आजारपणासाठी ओळखीच्या माणसाकडून दहा हजार रुपये घेतले. महिना दोन टक्के, आणि वर्षाने मुद्दल व व्याज एकदम द्यायचं, असा बोलीचा व्यवहार. कर्ज घेण्याची तिची पहिलीच वेळ. वर्षाचं व्याज किती होईल, असं तिने पोराला विचारलं. पोराने झटक्यात दोनशे सांगितले. पुस्तकात व्याजाचा दर दर साल दर शेकडा असतो. वस्तीत तो महिन्याचा असतो. पोराने बाकी सगळं बरोबर केलं, फक्त महिन्याला साल समजलं. वर्ष भरल्यावर व्याज निघालं दोन हजार चारशे. त्या माउलीला कानातलं मोडून ते भागवावं लागलं.

मुलगा खाली मान घालून बसला होता. पण आमच्या मनात आलं, की चूक त्याची नाही. त्याला शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांची आहे. व्याजाचं गणित घरात उपयोगी पडतं, हे त्याला आम्ही कधी दाखवलंच नाही. वहीतलं गणित वहीत राहिलं आणि घरातलं कर्ज घरात राहिलं. या दोहोंच्या मधली भिंत पाडायची कशी, हा विचार करता करता आम्ही जोतीरावांचं चरित्र पुन्हा उघडलं. आणि लक्षात आलं, की हा प्रश्न त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखला होता. नुसता ओळखला नव्हता, तर सरकारपुढे लेखी मांडला होता.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले तीन गुरू मानलं. १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरचा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. तेव्हा विहाराच्या स्मरणिकेत जोतीरावांना जागा का, असा प्रश्न कोणाला पडू नये.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केल्यामुळे फुले हे नाव पडलं. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. जोती वर्षाचा होतो न होतो तोच आई वारली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळला. सात वर्षांचा झाल्यावर मराठी शाळेत घातला. पण गोविंदरावांच्या ओळखीच्या एका कारकुनाने त्यांच्या मनात भरवलं, की माळ्याच्या पोराला शिकवून काय करणार? शिकला तर शेतात काम करायचा नाही, घराच्या उपयोगाचा राहणार नाही. भोळ्या बापाने ऐकलं आणि पोराला शाळेतून काढून शेतात घातलं.

इथे जरा थांबून विचार करू. कारकुनाचा हेतू वाईट होता हे खरं. पण बापाच्या मनातली भीती खोटी होती का? शाळेत गेलेलं पोर आपल्याला परकं होतं, त्याला आपल्या कामाची लाज वाटायला लागते, आणि धड नोकरीही मिळत नाही, ही भीती आजही अनेक आईबापांच्या मनात आहे. जोतीने ती भीती लहानपणी आपल्या घरात सोसली. पुढे आयुष्यभर तिला उत्तर शोधलं. ते उत्तर असं, की पोराला शाळेतून काढणं हा उपाय नव्हे. शाळा त्याच्या जगण्याजवळ आणणं हा उपाय आहे.

जोती दिवसा मळ्यात राबायचा आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक घेऊन बसायचा. शेजारी राहणारे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी हे पाहिलं. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाला. शाळा सुटल्यावर काही वर्षांनी परत शाळेत जाणं सोपं नसतं. १८४७ पर्यंत तिथलं शिक्षण पुरं झालं. त्याच काळात थॉमस पेन यांचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचनात आलं. लहुजी वस्तादांच्या तालमीत शरीरही घडलं.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला, तो प्रसंग सर्वांना माहीत आहे. माणूस अपमानाने एक तर खचतो किंवा चिडतो. जोतीराव घरी आले आणि शाळा काढायच्या विचाराला लागले. अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. त्याच वर्षी पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तो जीर्ण वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. पण त्या वाड्यात सुरू झालेलं काम आपल्या प्रत्येक घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकीच्या रूपाने उभं आहे.

शाळा काढली, पण मुलींना शिकवायला बाई आणायची कुठून? सावित्रीबाई होत्या. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, जन्म ३ जानेवारी १८३१, लग्न १८४०. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना आणि सगुणाबाईंना मळ्यातच शिकवायला सुरुवात केली, झाडाखाली बसून मातीत काडीने अक्षरं गिरवून घेतली, असं सांगतात. ही आठवण आम्हाला फार मोलाची वाटते. या देशातल्या स्त्रीशिक्षणाच्या एका मोठ्या कामाचा पहिला फळा म्हणजे शेतातली माती होती. जिथे हात राबतात तिथेच अक्षर उमटलं.

शूद्राच्या घरातली बाई शिकवायला जाते म्हणून पुण्यात गहजब झाला. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. गोविंदरावांवर इतकं दडपण आलं, की १८४९ साली त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. घर गेलं, पण शाळा बंद पडू दिली नाही. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, पाठोपाठ रास्ता पेठ आणि वेताळ पेठेतल्या शाळा झाल्या. १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा सत्कार केला.

या शाळांत काय शिकवलं जात होतं आणि ते मुलांच्या आयुष्यापर्यंत पोचत होतं का, याचा पुरावा पाहिजे असेल तर तो एका मुलीने ठेवला आहे. तिचं नाव मुक्ता साळवे. मांग समाजातली, वय सुमारे चौदा. फुल्यांच्या शाळेत ती काही वर्षं शिकली. १८५५ साली तिने निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या पत्रात छापून आला. शाळेत निबंध लिहायला सांगितला की मुलं काय लिहितात? पावसाळा, गाय, माझा आवडता सण. या मुलीने विषय घेतला मांग-महारांच्या दुःखाचा. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, हे तिने लिहिलं. ज्यांना धर्माचं पुस्तक वाचायचीसुद्धा बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा सवाल तिने भल्या-भल्यांना केला. तिला लिहायला शिकवलं शाळेने, पण काय लिहायचं ते तिने आपल्या झोपडीतून आणलं. शाळेतलं शिकणं आणि रोजचं जगणं यांचा सांधा जुळला म्हणजे काय होतं, हे या एका निबंधात दिसतं. अशी विद्यार्थिनी घडली तिथे त्या शिक्षकाचं चीज झालं.

त्याच १८५५ सालात जोतीरावांनी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली. दिवसा मजुरी करणाऱ्या आणि शेतात खपणाऱ्या माणसांनी दिवसाच्या शाळेत यायचं कसं? ते येऊ शकत नाहीत म्हणून त्यांना आळशी ठरवायचं, की शाळेनेच आपली वेळ बदलायची? जोतीरावांनी शाळेची वेळ बदलली. गोष्ट दिसायला छोटी आहे. पण तिच्यात फार मोठा विचार आहे. शिकणाऱ्याच्या जगण्याचं वेळापत्रक आधी समजून घ्यायचं, आणि मग आपलं वेळापत्रक मांडायचं.

जे शिकवायचं ते आधी आपल्या घरात करून दाखवायचं, हा त्यांचा बाणा होता. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि फसलेल्या विधवांना आधार दिला. अशाच एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, त्याचं नाव यशवंत. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. समता हा शब्द फळ्यावर लिहून थांबता येत नाही, तो घागरीत उतरावा लागतो. आपल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. १९३० साली २ मार्चपासून काळाराम मंदिराच्या दारात आपल्या आजी-आजोबांनी जो सत्याग्रह केला, त्याच्या कितीतरी आधी पुण्यात एका माळ्याने आपला हौद मोकळा केला होता.

जोतीराव हे नुसते मास्तर किंवा लेखक नव्हते. पोटासाठी त्यांनी शेती केली आणि बांधकामाची कंत्राटंही घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. उन्हात खडी फोडणाऱ्या बाया-बापड्यांचं जिणं त्यांनी जवळून पाहिलं, इंजिनिअर आणि कारकून यांच्यातली लाचलुचपत पाहिली, मजुराच्या अंगठ्याखाली भलतेच आकडे कसे लिहिले जातात ते पाहिलं. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी गुलामगिरी हा ग्रंथ निघाला. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं मत होतं.

आता येतो त्या कागदाकडे, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. १८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याच्यापुढे आपलं निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. लोकल फंडातला निदान अर्धा पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, असंही सुचवलं. गरिबाची मुलं गुरं राखायला आणि शेतीच्या कामाला लागतात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, हेही सांगितलं.

पण त्याहूनही महत्त्वाचं आहे ते त्यांनी शिकवायच्या विषयांबद्दल जे सांगितलं. मुलांना मोडी आणि बाळबोध दोन्ही लिपी वाचता-लिहिता याव्यात, असं ते म्हणाले. मोडी का? कारण त्या काळात गहाणखत, खरेदीखत, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरं मोडीत असायची. ज्याला मोडी येत नाही तो आपल्याच जमिनीच्या कागदावर डोळे मिटून अंगठा करणार. हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीची मूलतत्त्वं, आरोग्याचे नियम आणि नीतीचे धडे पाहिजेत. खेड्यातला आणि शहरातला अभ्यासक्रम वेगवेगळा असावा. शेतीचं ज्ञान नुसतं पुस्तकातून नको, छोट्या नमुना शेतावर प्रत्यक्ष करून दाखवावं. पाठ्यपुस्तकं व्यवहाराच्या पायावर नव्याने लिहावीत.

आणि शिक्षक कसा पाहिजे? शक्य तो शेतकरी वर्गातून आलेला, वेळ पडली तर नांगर धरणारा, सुताराची वाकस चालवणारा, आणि खालच्या थरातल्या लोकांत मोकळेपणाने मिसळणारा. त्याला पगार चांगला द्यावा, गावच्या पोस्टमास्तरासारखी कामं त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे लोकांशी त्याचा रोजचा संबंध येईल. विचार करा, मुलाचा बाप पत्र टाकायला किंवा स्टँप घ्यायला गुरुजींकडे येतो आहे. त्याच्या घरात काय चाललं आहे ते गुरुजींना आपोआप कळतं. शाळा आणि घर यांच्यामधली भिंत अशी कमी होते.

पुढच्याच वर्षी, १८८३ साली, त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला. ग्रंथाच्या आरंभीच्या त्या ओळी, ज्यांच्यात विद्या हरवल्यापासून दारिद्र्यापर्यंतची साखळी सांगितली आहे, त्या आपल्या सगळ्या मुलांना पाठ आहेत. पण पुस्तक पुढे वाचणारे किती? त्यात पाणी अडवायला तळी-बंधारे बांधण्याचा विचार आहे, वाहून जाणारी सुपीक माती शेतात जिरवण्याचा विचार आहे, चांगल्या जातीच्या शेळ्या-मेंढ्या आणण्याचा, शेतकऱ्यांची प्रदर्शनं भरवून बक्षिसं देण्याचा, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातल्या शेतकी शाळा दाखवून आणण्याचा विचार आहे. आणि हे प्रकरण लिहून झालं, की ते पुण्या-मुंबईत आणि गावोगावच्या शेतकऱ्यांपुढे वाचून दाखवत. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच आधी ऐकवलं.

१८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीला ते मुद्दाम फाटक्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान हा असा आहे, हे राणीच्या मुलाला तोंडावर सांगितलं. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. लगेच जुलैमध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. आयुष्यभर दुसऱ्यांना लिहायला शिकवणारा हा माणूस वयाच्या साठीनंतर स्वतः डाव्या हाताने लिहायला शिकला. सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने पुरं केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापून निघालं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक घेतलेला यशवंत शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली, त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्याही गेल्या. विधवेचं टाकलेलं पोर डॉक्टर होतं आणि आईबरोबर साथीत उभं राहतं, याहून मोठी परीक्षा कोणत्या शाळेने घेतली आहे?

जोतीरावांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी इंग्रज सरकारने मान्य केली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सत्यशोधकी विचारांत वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून कमवा आणि शिका हा मार्ग दाखवला. आणि देशभर सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला तो १ एप्रिल २०१० पासून. निवेदन दिल्यापासून १२७ वर्षांहून अधिक काळ गेला!

इथे एक शंका निघते आणि ती रास्त आहे. आपल्या वस्तीतले जुने लोक विचारतील, की शिक्षण जगण्याशी जोडायचं म्हणजे काय? झाडूवाल्याच्या पोराला झाडू आणि चांभाराच्या पोराला आरी? त्यासाठी आम्ही गाव सोडला का? ही शंका हसण्यावारी नेऊ नये. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने अशीच एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. लोकांनी ती ओळखली, आंदोलन केलं आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. जोतीरावांचा मार्ग हा नव्हे. कष्टाला कमी लेखणारं शिक्षण त्यांना मान्य नव्हतं हे खरं. पण पोराला बापाच्या खुंट्याला बांधून ठेवणं त्यांना कधीच मान्य नव्हतं. मोडी शिकवायची ती कागद वाचून लुबाडणूक ओळखण्यासाठी. हिशोब शिकवायचा तो सावकाराचा हिशोब तपासण्यासाठी. मुक्ता साळवेला त्यांनी दोर वळायला शिकवलं नाही, दोर वळणाऱ्यांच्या दुःखाचा जाब विचारायला शिकवलं. शिक्षण जगण्याला जोडायचं ते जगणं बदलण्यासाठी, आहे तसं टिकवण्यासाठी नव्हे. बाबासाहेबांच्या शिकण्याचा आणि शिकवण्याचा अर्थही हाच आहे.

तथागतांनीही हेच केलं होतं. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. बापाने मरताना सांगितलं म्हणून करत होता, अर्थ ठाऊक नव्हता. भगवंतांनी त्याला दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुलं, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसं आणि वरची म्हणजे श्रमण. पाठ केलेला नमस्कार त्यांनी रोजच्या वागण्यात आणला. आपली मुलं पाठ करून भाषण म्हणतात तेव्हा ती सिगालासारखीच असतात. अर्थ सांगायचं काम मोठ्यांचं आहे.

म्हणून त्या व्याजाच्या प्रकारानंतर आम्ही एका रविवारी मुलांना त्रिरश्मी लेणीवर घेऊन गेलो. आपण दर पौर्णिमेला वंदनेला जातोच. पण या वेळी दहाव्या क्रमांकाच्या लेणीपुढे बसलो. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मीतला लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने भिक्खू संघासाठी तीन हजार कार्षापण दान दिले आणि ते इथल्याच गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक दराने, आणि एक हजार महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेणीत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

आम्ही मुलांना सांगितलं, हिशोब जुळतो का पाहा. मुलांनी वह्या काढल्या. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा, म्हणजे दोनशे चाळीस. बरोबर! एक हजारावर महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. दगडातलं गणित वहीत उतरलं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मग त्या मुलाने स्वतःहून दुसरं गणित मांडलं. उषवदाताच्या ठेवीचा दर वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के. त्याच्या आईने घेतलेल्या कर्जाचा वर्षाला चोवीस टक्के, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट. त्याने ते कोणाला वाचून दाखवलं नाही. पण परत येताना बचत गटाचा दर किती असतो, असं त्याने आम्हाला विचारलं, आणि आता त्याच्या आईच्या बचत गटाची वही तोच तपासतो.

बंधू-भगिनींनो, आम्हाला फार मोठं काही सांगायचं नाही. या वर्षापासून अभ्यासिकेत दर शनिवारी पुस्तक बाजूला ठेवून घरचा एक कागद वाचायचा असं ठरवलं आहे. लाईट बिल, घरपट्टी, रेशन कार्ड, औषधाची चिठ्ठी, पगाराची पावती, जातीच्या दाखल्याचा अर्ज, यांतलं जे घरात असेल ते मुलाबरोबर पाठवा. नाव-पत्ता झाकून पाठवलंत तरी चालेल. ज्यांना सुतारकाम, गवंडीकाम, शिलाई, नर्सिंग, कारखान्यातलं मशिनकाम येतं त्यांनी महिन्यातून एक तास येऊन बसावं. विटांचा हिशोब गवंड्याइतका चांगला कोण शिकवणार? आपल्याला शिकलेलं नाही म्हणून मागे राहू नका. जोतीरावांनी शिक्षक निवडताना आधी नांगर धरणारा हात पाहिला होता.

येत्या ११ एप्रिलला मुलं भाषण जरूर म्हणतील. पण त्याच्या शेवटी प्रत्येक मुलाने वर्षभरात घरच्या कोणत्या कामाला आपलं शिक्षण लावलं, ते दोन वाक्यांत सांगावं. ती दोन वाक्यं पाठ केलेली नसतील. जोतीरावांच्या तसबिरीपुढे तेच खरं फूल ठरेल.

जय जोती! जय भीम!